लेकसाइडचा हर्ब

लेकसाइडच्या हर्बला मी त्या उन्हाळ्यात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या माझ्या नवऱ्यालाही कधी घातल्या नव्हत्या, आणि नवरा काही संत नव्हता. या हर्बला कुणी पाहिलेलं नव्हतं. रोज सकाळी रेडिओवर बझ डिलेनीचा कार्यक्रम लागायचा. लोक फोन करून आमच्या हेरन्स या बेसबॉल टीमबद्दल वाट्टेल ते बरळायचे. आणि ज्या दिवशी कर्टिस नोवाचेक पिचिंग करणार, म्हणजे चेंडू फेकणार असेल, त्या दिवशी हा मेला हटकून उगवायचा. घोगरा, नाकातला आवाज. "बझ, मी लेकसाइडचा हर्ब बोलतोय." संपलं. माझी सकाळ नासली.

मी बर्निस कोवाल्चिक. पोर्ट हॅनलीच्या स्टेडियममागच्या गल्लीत माझं डायनर होतं. अंडी, बेकन, परतलेले बटाटे, कॉफी आणि काउंटरवर रेडिओ. मोबाइल तेव्हा कुणाकडेच नव्हते. स्वयंपाकघराच्या पलीकडे, मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात भिंतीवर नाणं टाकायचा फोन होता, तोच सगळ्यांचा.

माझी ठरलेली गिऱ्हाइकं दोन. एक फ्लॉइड टिब्ज, जन्मभर शहराची बस चालवून रिटायर झालेला, आवाज असा की बसला हॉर्न लागत नसेल. दुसरा मर्ल ओक्स, शाळेत गणित शिकवायचा. कोणत्या पिचरने कुठल्या साली किती धावा दिल्या ते त्याला पाठ, आणि बायकोचा वाढदिवस लक्षात नाही.

"ऐकलंत का? आपल्या कॅचरच्या बॅटमध्ये बूच सापडलं!" फ्लॉइड आत येता येताच ओरडायचा. "बॅट हलकी व्हावी म्हणून पोकळ करून बूच भरलं होतं लेकाने. लीगने घरी बसवलंय."

"बूच भरूनसुद्धा त्याला चेंडू लागत नव्हता," मर्ल म्हणायचा. "त्याला शिक्षा कसली करता? कीव करा."

"आणि मालकाला नवं स्टेडियम हवंय म्हणे."

"आधी नवा कॅचर आण म्हणावं," मी म्हणायचे, आणि कॉफी ओतायचे.

पण खरा जीव आमचा कर्टिसमध्ये. तो आमच्या गल्लीतला पोरगा. चर्चमागच्या मैदानावर फ्लॉइडनेच त्याला चेंडू धरायला शिकवलं. मी तिथे हॉट डॉग विकायचे, मर्ल अंपायर असायचा. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मात्र त्याचे फार हाल झाले. हिवाळ्यात त्याची आई, रोझमेरी, गेली होती. कुणीही यावं आणि त्याचा चेंडू भिंतीपलीकडे टोलवावा, अशी दशा. मग मे महिन्यात काय झालं कोण जाणे, पोरगं असं काही सुटलं की समोरचे फलंदाज नुसतेच वारा घालायला लागले. जिंकतोय, जिंकतोय, जिंकतोच आहे.

आता टीम जिंकत असली की माझ्या डायनरमध्ये एक कायदा लागू व्हायचा. जे चाललंय ते मोडायचं नाही. मर्लने एकच शर्ट घालायचा, फ्लॉइडने कोपऱ्यातल्याच स्टुलावर बसायचं. आणि आपण काय पाळतोय ते तोंडाने सांगायचं नाही. सांगितलं की गेलं. मर्लने शर्टाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, पण जुलैपर्यंत ते नाकालाच कळत होतं. हसा खुशाल, पण बेसबॉल पाहणारा प्रत्येक माणूस मनातून हे पाळतो, मग तो गणिताचा मास्तर का असेना.

कर्टिसचा बाप, एमिल, नाश्त्याला माझ्याकडेच यायचा. पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा, आता रिटायर. रोझमेरी गेल्यापासून माणूस अर्धा झाला होता. पूर्वी दोघं नवराबायको कठड्यालगतच्या दोन खुर्च्यांवर बसून पोराचा प्रत्येक सामना बघायची. मे महिन्यापासून एमिल स्टेडियमची पायरी चढला नव्हता. आम्हाला वाटायचं, शेजारची रिकामी खुर्ची त्याला बघवत नसेल. सकाळी बझचा कार्यक्रम संपत आला की तो यायचा. तोंड लालबुंद, धाप लागलेली. मी पटकन रेडिओ बंद करायचे. त्या हर्बचं घाणेरडं बोलणं बापाच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही तिघं किती जपायचो!

"गल्लीचा चढ फार झाला रे तुला," मी म्हणायचे. "बस. अंडी टाकते."

तो मान खाली घालून खायचा. बिचारा, असं मला वाटायचं.

जुलैच्या अखेरीला बॉम्ब पडला.

आदल्या दिवशी कर्टिस जिंकला होता, त्यामुळे सकाळी आम्ही सगळे खुशीत. तेवढ्यात बझने बातमी सांगितली, आणि त्याचाच आवाज बसलेला. सामना झाल्यावर कर्टिसने पत्रकारांना बोलावून सांगितलं होतं, मला दुसऱ्या टीमला देऊन टाका. मला या शहरात खेळायचं नाही.

"काय?" फ्लॉइडच्या हातातला टोस्ट तसाच राहिला.

मग बझने कर्टिसचं बोलणंच ऐकवलं. पोराचा आवाज शांत होता, त्यानेच मला धडकी भरली. "माझ्या वाईट खेळाबद्दल कुणी बोललं तर मी ऐकून घेईन. पण आज सकाळी तो हर्ब म्हणाला, मी अकरा वर्षांचा असताना मैदानात रडलो होतो आणि आई येऊन हाताला धरून घेऊन गेली होती. म्हणाला, आता न्यायला आईसुद्धा नाही. हे खरं आहे. मी रडलो होतो. पण ते बघायला त्या दिवशी मोजकी माणसं होती. म्हणजे हा माझ्याच गल्लीतला कुणीतरी आहे. माझ्या आईच्या हातचं जेवलेला. मी इथे कुणाकडे बघून हसू? माझा बापसुद्धा आता मला बघायला येत नाही. त्याला माझी लाज वाटते बहुतेक. मला जाऊ द्या."

तव्यावर बेकन जळत होतं, ते मला वासावरून कळलं. आदल्या सकाळी गर्दीच्या कल्ल्यात आम्ही ते नीट ऐकलंच नव्हतं. आमच्यातला? आमच्यातला कोण?

मर्लने हळूच मान वळवून फ्लॉइडकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" फ्लॉइड भडकला.

"त्या दिवशी कोच तू होतास."

"आणि अंपायर तुझा बाप होता काय? तूच होतास ना? त्या पोराला बाद ठरवून रडवलंस तूच!"

"मी नियमाने दिलं होतं. आणि बझला फोन करायची हौस तुला आहे. इतकी वर्षं करतोयस. आणि हर्ब बोलून झाल्यावरच तू इथे उगवतोस."

"मी माझ्या नावाने करतो, मास्तर! माझ्या स्वतःच्या नावाने!"

नेमका तेव्हाच एमिल दारातून आत आला. रेडिओ बंद करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. बझ पुन्हा तेच ऐकवत होता. 'माझा बापसुद्धा आता मला बघायला येत नाही.' एमिलने ते शेवटपर्यंत उभ्यानेच ऐकलं. चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा. मर्ल आपला अजून फ्लॉइडच्या मागे लागलेलाच होता.

"फ्लॉइड नाही," एमिल म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"नाही म्हटलं ना. त्याला सोड." आणि अंडी न खाताच निघून गेला.

मी म्हटलं, बघा, एवढा घाव बसलाय तरी मित्राची बाजू घेतोय. देवमाणूस आहे. मी तेव्हा फ्लॉइडवर डोळे वटारून बसले होते, हेही सांगून टाकते. त्याच्या बशीत मी त्या आठवड्यात बटाटे कमीच वाढले.

पुढचे चार दिवस शहरात दुसरा विषय नव्हता. खेळाडूंची देवघेव करायची लीगची मुदत त्याच आठवड्यात संपणार होती, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या सामन्यात पिचिंगची पाळी कर्टिसचीच. मालकाने सांगितलं, गिऱ्हाईक ठरेपर्यंत तो आमचाच आहे, खेळेल. म्हणजे हर्ब त्या सकाळी फोन करणार. करेल का? लोक पैजा लावत होते.

त्या सकाळी फ्लॉइड दार उघडायच्या आधी येऊन उभा. "आज मी इथून हलणार नाही," तो म्हणाला. "बाथरूमलासुद्धा जाणार नाही. हर्बचा फोन येऊ दे, आणि मग हा मास्तर माझी माफी मागेल. तूही मागशील, बर्निस. मला दिसतात हो बटाटे."

डायनर भरलं होतं. भांड्यांचा, माणसांचा नुसता कल्ला. मी धुतलेल्या प्लेटांची चळत घेऊन काउंटरपाशी आले, तेवढ्यात रेडिओतून तो आवाज आला. "बझ, मी लेकसाइडचा हर्ब बोलतोय."

फ्लॉइड कोपऱ्यात स्टुलावर बसलेला, तोंड बंद, दोन्ही हात वर. मर्ल त्याच्या शेजारी. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर. माझं डोकंच फिरलं. एवढं सगळं होऊनसुद्धा या माणसाची जीभ झडली नाही! मी ती अख्खी चळत जमिनीवर आपटली. खळकन फुटल्या सगळ्या.

दुकान चिडीचूप झालं. हर्ब रेडिओवर काहीतरी पुटपुटत होता, आज त्याचा जोर नव्हता. आणि मग रेडिओतून आवाज आला. खळकन. दुरून, पण तोच.

"बर्निस," फ्लॉइड हळूच म्हणाला, "तू परत फोडल्यास?"

"मी इथेच उभी आहे."

मर्लला आधी कळलं. रेडिओवाले फोन थेट सोडत नाहीत, मध्ये काही क्षण राखून ठेवतात, कुणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून. त्याने बोलता बोलता एक पळी उचलली आणि माझ्या मोठ्या पातेल्यावर तीनदा हाणली. टण, टण, टण. आम्ही सगळे रेडिओकडे बघत राहिलो. आणि हर्बच्या बोलण्याच्या मागून आलं. टण, टण, टण.

हर्ब माझ्या दुकानात होता.

आम्ही तिघं स्वयंपाकघरातून बोळात गेलो. मागच्या दारापाशी, भिंतीकडे तोंड करून, माझंच भांडी पुसायचं फडकं तोंडावर धरून एमिल नोवाचेक फोनवर बोलत होता.

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "एमिल नोवाचेक! तू? स्वतःच्या पोराला?"

तो वळला. फडकं खाली पडलं. रिसीव्हर त्याच्या हातात तसाच, उघडा. मर्लने माझा दंड घट्ट धरला आणि मला कळलं मी काय करून बसले ते. माझे शब्द तारेतून निघून गेले होते. अजून कुणी ऐकले नव्हते, पण आता ऐकणार होते, आणि मला ते परत ओढून आणता येत नव्हते. आम्ही चौघं त्या बोळात नुसते उभे. एमिलचे ओठ हलत होते. काप रे बझ, मी मनात म्हणत होते, एकदा तरी तुझं ते बटण दाब.

बाहेरच्या रेडिओतून माझीच किंकाळी आली. एमिल नोवाचेक. तू. स्वतःच्या पोराला.

बझनेही तोंडात गुळणी धरली. सगळ्या शहरात रेडिओ लागलेले आणि त्यात शुकशुकाट.

फ्लॉइडने एमिलच्या हातातून रिसीव्हर घेऊन अडकवला. तो चिडेल असं वाटलं होतं मला, पण त्याने एक खोकं ओढलं आणि एमिलला त्यावर बसवलं. "का रे?" एवढंच म्हणाला.

"तो जिंकला ना," एमिल म्हणाला.

"म्हणजे?"

"एप्रिलभर मी त्या खुर्चीवर बसत होतो आणि तो हरत होता. रोझची खुर्ची शेजारी रिकामी. मग एक दिवस मला राग आला. त्याचा नाही, सगळ्याचाच. इथूनच, याच फोनवरून, मी खोटं नाव सांगून त्याला नाही नाही ते बोललो. सामन्याला गेलो नाही. आणि तो जिंकला! मग पुढच्या वेळी परत केला. परत जिंकला. मग मोडू कसं? तुझाच कायदा आहे ना, बर्निस? मोडायचं नाही, सांगायचं नाही. मी पोराचा खेळ वाचवत होतो गं. मी घरी बसून रेडिओवर ऐकायचो आणि रडायचो."

"आणि रोझमेरीचं? ते कसं बोलवलं तुला?" मी विचारलं.

"शिव्या संपल्या होत्या," तो म्हणाला. "डोक्यात ती एकच गोष्ट सारखी असते. ती त्याला हाताला धरून आणतेय ती. निघून गेली तोंडातून."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच जमलं नाही.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. आम्ही सगळे दचकलो. तो नंबर कोणाला ठाऊक असणार? रोझमेरी नेहमी याच नंबरवर पोराला फोन करायला लावायची, बापाला जेवायला बोलवायला. मी उचलला.

"बर्निस मावशी," कर्टिस म्हणाला, "आहे तिथे?" मागे टीमच्या खोलीतला गलका नव्हता. सगळे गप्प बसून ऐकत असणार.

मी रिसीव्हर एमिलच्या कानाला लावला. जुना फोन, समोरचा आवाज शेजाऱ्यालाही ऐकू जायचा.

"का?" कर्टिसने विचारलं.

"तू जिंकत होतास बाळा. मी फोन केला की जिंकत होतास. मी येऊन बसलो की हरायचास."

मग पोराच्या घशातून हुंदका आला का हसू, ते मला आजही सांगता येणार नाही.

"बाबा, मे महिन्यात कोचने माझी चेंडूवरची पकड बदलली. दोन बोटं जवळ घ्यायला लावली. म्हणून जिंकतोय. दोन बोटं, बाबा! तुझा काही संबंध नव्हता."

एमिलने भिंतीला टेकून डोळे मिटले.

"मला वाटलं तुला माझी लाज वाटते," कर्टिस म्हणाला. "रोज त्या खुर्च्यांकडे बघायचो. दोन्ही रिकाम्या." मग कडक आवाजात, "आज ये. आज येऊन बस. मी हरतो का ते डोळ्यांनी बघ." आणि फोन ठेवला.

मी आयुष्यात पहिल्यांदा भरल्या दुकानाला बाहेर काढून कुलूप लावलं. एमिल यायला तयारच नव्हता. हातापाया पडत होता, मी गेलो तर पोराचं वाटोळं होईल म्हणून. फ्लॉइडने एक बगल धरली, मर्लने दुसरी. स्टेडियमात लोक ओळखत होते, काही थुंकले, काही हर्ब, हर्ब ओरडले. एमिल त्याच्या खुर्चीवर बसला आणि रोझमेरीच्या खुर्चीवर मी बसले, त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत धरून. समोरच्या टीमने एखादा चेंडू जोरात मारला की हा उठून पळायला बघायचा आणि मी त्याला खाली ओढायचे. "बस, मेल्या! हललास तर बघ."

कर्टिस एकदाच वर बघून गेला. मग त्याने जे फेकलं ना, मी शपथेवर सांगते, तसं मी त्याआधी बघितलं नव्हतं. फलंदाज येत होते आणि बॅट घेऊन परत जात होते. एमिल आधी डोळे झाकून होता. मग बोटांच्या फटीतून बघायला लागला. नऊपैकी पाचव्या इनिंगपर्यंत तो दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता आणि "दोन बोटं! दोन बोटं!" म्हणून पुटपुटत होता. ज्यांनी त्याला शिव्या घातल्या त्यांनीच त्याला शेंगदाणे दिले.

आणि मध्येच मॅनेजर मैदानात आला. इनिंग संपली नव्हती, आम्ही जिंकत होतो, हात दुखल्याची काही खूण नव्हती. त्याने कर्टिसच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. कर्टिसने चेंडूकडे बघितलं. मग एकेक खेळाडू धावत येऊन त्याला मिठी मारायला लागला.

"नाही," मर्ल म्हणाला. "नाही नाही नाही."

"काय झालं?" एमिल विचारत होता. "काय केलं त्याने? का काढला?"

कुणीच सांगेना. शेवटी फ्लॉइड म्हणाला, "विकला, एमिल. सौदा झाला. त्याने मागितलं होतं ना."

अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मी एमिलचा पट्टा सोडला. आता तो कुठे पळणार होता? फोन त्याने केला होता, त्याच्यामुळे पोराने जायचं मागितलं होतं, आणि ते देऊन झालं होतं. मी किंकाळी फोडून सगळं उघड करायच्या आधीच मालकाच्या टेबलावर सौदा ठरलेला असणार.

कर्टिस आत गेला नाही. तो मैदान तिरपं कापून सरळ आमच्या कठड्यापाशी आला. चेंडू अजून हातातच होता. त्याने तो बापाच्या हातात कोंबला आणि त्याची दोन बोटं धरून शिवणीवर जवळ जवळ ठेवली.

"अशी," तो म्हणाला. "बघितलंस? तू बसला होतास आणि मी जिंकत होतो."

"जाऊ नकोस," एमिल म्हणाला.

"जावं लागेल, बाबा. रात्रीचं विमान आहे." त्याने टोपी काढून डोळे पुसले. "तिकडच्या मैदानातही खुर्च्या असतात."

आणि तो गेला.

सामना आम्ही हरलो. लोक पांगले, झाडूवाले आले, तरी एमिल दोन बोटं शिवणीवर ठेवून बसलेला. हा माणूस पोर्ट हॅनलीच्या बाहेर कधी गेला नव्हता, विमान त्याने कारखान्याच्या क्रेनवरून वर बघितलेलं तेवढंच. खूप वेळाने त्याने मला विचारलं, "बर्निस, विमानात खिडकीची जागा घेऊ की कडेची?"

"कुठलीही घे की. काय फरक पडतो?"

"तसं नाही गं," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पहिल्या खेपेला जी घेईन, तीच मग दर वेळी घ्यावी लागेल."